हाली, कलदार आणि आमची प्रमाणपत्रे

आमच्या घरी देवघराच्या कोनाड्यात एक पितळी डबी आहे. तिच्यात निजामी अमदानीतले दोन रुपये आहेत. त्यांवर चारमिनार कोरलेला आहे. आजोबांना, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ही डबी उघडण्याची लहर आली की ते हमखास एक गोष्ट सांगतात. आपला जिल्हा त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता आणि शेजारची बार्शी मुंबई इलाख्यात, म्हणजे इंग्रजांच्या राज्यात. आपल्याकडे हाली शिक्का चाले, बार्शीच्या पेठेत कलदार चाले. हाली रुपया काही खोटा नव्हता. तोही सरकारी टांकसाळीतूनच निघालेला होता. तरीही हद्द ओलांडली की त्याला बट्टा लागे. सुमारे सात हाली दिल्यावर सहा कलदार हाती पडत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, तरी हाली नाणे पुढे काही वर्षे चालले आणि १९५९ साली ते चलनातून कायमचे गेले.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र नाणी नसून प्रमाणपत्रे हा आहे. आपण इकडे कष्टाने मिळविलेला कागद परदेशाच्या हद्दीवर कोणत्या भावाने मोडला जातो, आणि व्यवसायाची प्रमाणपत्रे तेथे 'शिक्षण' म्हणून धरली जातात की नाही, हा तो प्रश्न. गेली दीड वर्षे हा प्रश्न आमच्या घरात मुक्कामाला आहे. त्याचे उत्तर शोधताना जे समजले ते आपल्या महाविद्यालयातील मित्रांपुढे व गुरुजनांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दादाची फाईल

माझा चुलतभाऊ (आम्ही त्याला दादा म्हणतो) वीजतंत्री आहे. दहावीनंतर त्याने आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला. मग सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी झाला आणि काम करता करता बी.ए. झाला. शिवाय एम.एस.-सी.आय.टी., मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसचे टंकलेखन, एका खाजगी क्लासचा सहा महिन्यांचा हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स आणि घरबसल्या परीक्षा देऊन मिळविलेले एका संगणक कंपनीचे प्रमाणपत्र, असा सगळा ऐवज त्याच्या फाईलमध्ये आहे. ही फाईल म्हणजे त्याचा जीव की प्राण.

कुशल कामगार म्हणून कॅनडाला जावे असे त्याच्या मनाने घेतले. एका मोठ्या शहरातील सल्लागाराने फाईल चाळली आणि कागदावर बेरीज मांडून दाखविली. त्या बेरजेत बी.ए. ही एक पदवी आणि बाकीची प्रमाणपत्रे मिळून 'दुसरी पदविका' धरली होती. दादाला ते पटले. काकांनी दोन वर्षांच्या सोयाबीनचे पैसे काढून दिले. मलाही तेव्हा ते पटले होते, हे कबूल केले पाहिजे. पाच कागद एकावर एक ठेवले तर त्यांची एका पदविकेइतकी उंची होणार नाही काय, असेच मला वाटले.

तीन वेगळे प्रश्न

येथेच आमची चूक झाली. कोणत्याही देशाचे परवाना-खाते उमेदवाराला खरे तर तीन वेगवेगळे प्रश्न विचारीत असते. तू काय शिकलास, हा पहिला. तुला काय करता येते, हा दुसरा. आणि ते काम आमच्या देशात करण्याचा अधिकार तुला आहे काय, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर पदवी-पदविका देतात. दुसऱ्याचे उत्तर अनुभव व कौशल्याची परीक्षा देते. तिसऱ्याचे उत्तर परवाना किंवा नोंदणी देते. व्यावसायिक प्रमाणपत्र बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असते. ते पहिल्या रकान्यात लिहिले की शून्य मिळते, आणि उमेदवाराला वाटते की आपला अपमान झाला.

हा भेद समजण्यासाठी परदेशी जाण्याचीही गरज नाही. आपल्या महाविद्यालयातील प्राध्यापकांचेच उदाहरण घ्या. एम.ए. हे शिक्षण. नेट किंवा सेट ही पात्रता. शिकविण्यात घालविलेली वर्षे हा अनुभव. नेट कितीही अवघड असली तरी ती उत्तीर्ण झालेल्याला कोणी 'दोन वेळा एम.ए.' म्हणत नाही. आणि म्हणून नेटचे महत्त्व कमी होते असेही नाही. डी.एड. आणि टी.ई.टी. यांचेही नाते तसेच. घरात जे आपण सहज समजतो ते परदेशाचा अर्ज हाती आला की विसरतो.

चार्टर्ड अकाउंटंटचे उदाहरण याहूनही बोलके आहे. १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेली त्यांची संस्था हे विद्यापीठ नाही. ती पदवी देत नाही, सभासदत्व देते. ही परीक्षा किती कठीण ते वाणिज्य शाखेच्या मित्रांना विचारावे. तरीही आपल्या देशात सी.ए., कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट या पात्रता पदव्युत्तर पदवीच्या तोडीच्या मानाव्यात, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्च २०२१ मध्ये जाहीर केले. म्हणजे कायदा झाल्यानंतर बहात्तर वर्षांनी! घरच्या घरी जर एवढा काळ लागतो, तर परक्याच्या दारात घाई करून कसे चालेल?

कॅनडाचे गणित

आता दादाच्या प्रकरणाकडे येऊ. कॅनडाने १९६७ साली गुणांची पद्धत आणली. वंश वा मूळ देश न पाहता शिक्षण, भाषा, वय, व्यवसाय अशा गोष्टींना गुण देऊन माणसे निवडावीत, हा तिचा गाभा. जानेवारी २०१५ पासून एक्स्प्रेस एंट्री नावाची पद्धत आली. तिच्यात परदेशातून येणाऱ्या कुशल कामगाराला आधी १०० पैकी ६७ गुणांचा उंबरठा ओलांडावा लागतो. मग उंबरठा ओलांडलेल्यांची दुसऱ्या, मोठ्या गुणपत्रकावर क्रमवारी लागते आणि वरच्यांना बोलावणे येते. म्हणजे ६७ मिळाले की व्हिसा मिळाला असे नाही. ६७ मिळाले की रांगेत उभे राहता येते, इतकेच.

या १०० गुणांपैकी शिक्षणाला जास्तीत जास्त २५ आहेत. पीएच.डी.ला २५, एम.ए.सारख्या पदवीला २३, तीन वा अधिक वर्षांच्या पदवीला २१, दोन वर्षांच्या पदविकेला १९, एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला १५ आणि केवळ शालान्त शिक्षणाला ५. यात एक पायरी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. शालान्तोत्तर पात्रता दोन असतील आणि त्यांतील एक तरी तीन वर्षांची असेल, तर २१ ऐवजी २२ गुण मिळतात. दादाच्या सल्लागाराचा सारा डोलारा या एका गुणावर उभा होता.

परंतु हे गुण उमेदवाराने स्वतः लावून घ्यायचे नसतात. त्यासाठी कॅनडा सरकारने नेमलेल्या संस्थेकडून शैक्षणिक अर्हतेचे मूल्यमापन करून घ्यावे लागते. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस हे त्यांतील आपल्याकडे अधिक ऐकू येणारे नाव. या संस्था कागदाचा मथळा पाहत नाहीत, तीन गोष्टी पाहतात: कागद देणारी संस्था तेथील अधिकृत यंत्रणेने मान्य केलेली आहे काय, प्रवेशाची अट काय होती, आणि अभ्यासक्रम किती काळाचा होता. म्हणून 'सर्टिफिकेट' या शब्दाने गोंधळून जाऊ नये. बारावीनंतर विद्यापीठाने दिलेल्या एका वर्षाच्या सर्टिफिकेटचा विचार होऊ शकतो. संगणक कंपनीच्या परीक्षेचे सर्टिफिकेट ज्ञानाने त्याहून सरस असले तरी ते 'अभ्यासक्रम पुरा केल्याचा' दाखला नसतो. ते एका दिवशी परीक्षा पास केल्याचे पत्र असते, आणि पुष्कळदा काही वर्षांनी त्याची मुदतही संपते. पदवीची मुदत संपत नाही.

दादाचा मूल्यमापन अहवाल आला. बी.ए. म्हणजे तीन वर्षांची पदवी, हे मान्य झाले होते. आय.टी.आय.चा प्रवेश दहावीनंतर असल्यामुळे ती वेगळी शालान्तोत्तर पात्रता धरली गेली नव्हती. बाकीच्या कागदांचा तर उल्लेखही नव्हता.

त्या रात्री आम्ही दोघांनी दिव्याखाली बसून बेरीज केली. वयाचे १२. इंग्रजीच्या परीक्षेत त्याने चारही अंगांत आठवी पातळी गाठली होती, त्याचे २०. चार वर्षांच्या कामाचे १३. शिक्षणाचे २१. एकूण ६६. उंबरठा ६७.

एका गुणाने माणूस नापास होतो हे आपण परीक्षेच्या मांडवात पुष्कळदा पाहतो. पण त्या रात्री दादाने फाईल मिटली आणि ती पुन्हा नीट बांधली सुद्धा नाही, ते मी विसरू शकत नाही.

मोह

दुसऱ्या दिवशी सल्लागाराचा फोन आला. त्याने सांगितले, "काळजी करू नका. मागील तारखेची एका वर्षाची पदविका मिळवून देतो. विद्यापीठाचा शिक्का असेल. थोडा खर्च येईल." दादा काही बोलला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. काकांनी तर किती खर्च येईल याचा हिशेबही सुरू केला. एका गुणाचाच तर प्रश्न होता!

आबा ओसरीवर बसून ऐकत होते. त्यांनी दादाला जवळ बोलाविले आणि डबी आणावयास सांगितली. "अरे, हाली घेऊन बार्शीला गेलेल्याला बट्टा लागायचा, पण कोणी चोर म्हणत नव्हतं," ते म्हणाले. "शिशाचं नाणं घेऊन गेलेल्याचं मात्र हालीही गेलं आणि कलदारही."

"पण आबा, तुम्हीच सांगा, माझं काम काय खोटं आहे?" दादा म्हणाला.

"काम खरं आहे म्हणूनच सांगतो. खऱ्याशेजारी खोटं ठेवलं की खऱ्याचीही पारख सुरू होते."

आबांचे म्हणणे कायद्याच्या भाषेतही खरे आहे. कॅनडाच्या कायद्यानुसार अर्जात खोटी माहिती किंवा बनावट कागद दिल्यास पाच वर्षे त्या देशाचे दार बंद होते. खोटा कागद सल्लागाराने जोडला असला तरी जबाबदारी अर्जदाराची राहते. कॅनडाच्या बाबतीत पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस तेथील वकील किंवा तेथील सल्लागार-नियामक संस्थेचा परवानाधारक असावा लागतो, आणि त्याचे नाव त्या संस्थेच्या यादीत पाहता येते. आपल्याकडून परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. आम्ही यांतले काहीच पाहिले नव्हते. फी भरल्याची पावती सुद्धा मागितली नव्हती.

दादाने पदविका घेतली नाही. सोयाबीनचे पैसे मात्र परत आले नाहीत.

देश तितके बट्टे

यानंतर मी जरा हट्टाने या विषयाचा अभ्यास केला. तेव्हा ध्यानात आले की आम्ही ज्याला 'परदेशाचा नियम' म्हणत होतो तो एका देशाचा नियम होता. प्रत्येक पेठेत बट्टा निराळा.

कॅनडातच पाहा. २०१३ साली तेथे कुशल कारागिरांसाठी वेगळी योजना सुरू झाली. तिच्यात शिक्षणाची किमान अट ठेवलेली नव्हती. कामाचा अनुभव, भाषा, आणि नोकरीचा प्रस्ताव किंवा तेथील प्रांताने दिलेला कारागिरीचा दाखला यांवर भर होता. म्हणजे व्यावसायिक प्रमाणपत्राला तेथे निश्चित मोल आहे. पण ते त्यांच्या प्रांताचे, आपल्या क्लासचे नव्हे.

ऑस्ट्रेलियात प्रत्येक व्यवसायासाठी पारख करणारी संस्था नेमलेली असते. पदवीला १५ गुण. पण पदवी नसेल तरी त्या व्यवसायाच्या पारख-संस्थेने योग्य मानलेल्या पात्रतेला १० गुण मिळू शकतात. येथे प्रमाणपत्राला दार किलकिले आहे. न्यूझीलंडने ऑक्टोबर २०२३ मध्ये आणलेल्या पद्धतीत तर तेथील व्यावसायिक नोंदणी, शैक्षणिक पात्रता किंवा वेतन यांपैकी कोणत्याही एका आधारावर गुण घेण्याची मुभा दिली. ब्रिटनच्या कुशल कामगार व्हिसाचा भर उमेदवाराच्या पदवीपेक्षा मिळालेल्या नोकरीच्या दर्जावर आहे. जुलै २०२५ मध्ये हा दर्जा पदवीच्या पातळीपर्यंत वर नेण्यात आला.

अमेरिकेची रीत आणखी वेगळी. एच-१बी या तात्पुरत्या व्हिसासाठी महाविद्यालयीन शिक्षणाचे एक वर्ष कमी पडल्यास कामाची तीन वर्षे त्याच्या जागी धरता येतात, आणि मान्यवर व्यावसायिक संघटनेचे प्रमाणपत्रही पुरावा म्हणून पुढे ठेवता येते. परंतु कायम वास्तव्याच्या वरच्या वर्गात अशी तडजोड चालत नाही. आपली तीन वर्षांची पदवी तेथील चार वर्षांच्या पदवीबरोबर आपोआप धरता येणार नाही, असा निर्णय तेथील खात्याने १९७७ मध्येच एका भारतीय अर्जदाराच्या प्रकरणी दिला होता. नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षाची सोय झाली आहे. ज्यांना पुढे तिकडे जायचे आहे त्यांनी या चौथ्या वर्षाकडे केवळ 'एक वर्ष वाया' म्हणून पाहू नये.

डॉक्टर व परिचारिका यांच्या बाबतीत तिसरा प्रश्न, म्हणजे काम करण्याचा अधिकार, सर्वांत मोठा ठरतो. ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने १९७५ साली भारतीय वैद्यकीय पदव्यांची सरसकट मान्यता काढून घेतली आणि तेव्हापासून आपल्या डॉक्टरांना तेथे वेगळी परीक्षा द्यावी लागते. त्यांची पदवी नाहीशी झाली नाही. तिच्यापुढे आणखी एक दार बसविले गेले. जी.एन.एम. झालेल्या आपल्या भगिनींनाही ब्रिटनमध्ये आधी संगणकावरची आणि मग प्रत्यक्ष कामाची परीक्षा द्यावी लागते.

जर्मनीत पारडे फिरते

सर्वांत आश्चर्य वाटले ते जर्मनीचे. त्या देशात कारखान्यात काम करीत शिकण्याची जुनी परंपरा आहे. त्यामुळे कारागिराचे प्रशिक्षण तेथे शिक्षणाच्या बाहेर मानले जात नाही. जून २०२४ मध्ये तेथे 'संधीपत्र' नावाची सोय सुरू झाली. नोकरी शोधण्यासाठी तिकडे जाऊ इच्छिणाऱ्याकडे पदवी असावी, किंवा आपल्या देशात सरकारमान्य असलेले किमान दोन वर्षांचे व्यवसाय-प्रशिक्षण असावे, अशी तिची पायाभूत अट. भाषा, अनुभव, वय यांचे गुण त्यावर.

दोन वर्षे हा शब्द वाचून मी जागेवरून उठलो. आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, वायरमन हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. वेल्डर, प्लंबर किंवा संगणक चालक हे एका वर्षाचे. दहावी झालेली मुले प्रवेशाच्या वेळी एक वर्ष वाचते म्हणून लहान अभ्यासक्रम घेतात. त्या वेळी कोण सांगणार, की वाचविलेल्या या एका वर्षाचा हिशेब दहा वर्षांनी एखाद्या परक्या देशाच्या कचेरीत होणार आहे!

२०२४ मध्येच आपल्या महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक, आचारी अशा अनेक व्यवसायांचा त्यात समावेश आहे, आणि उमेदवारांना जर्मन भाषा शिकविणे हा त्याचा महत्त्वाचा भाग. म्हणजे कॅनडाच्या तराजूत दादाची बी.ए. चालली आणि आय.टी.आय. बाद ठरली, जर्मनीच्या तराजूत त्याची आय.टी.आय. पुढे आली. फाईल तीच, माणूस तोच. बदलली ती पेठ.

दादा आता पहाटे उठून जर्मन शिकतो. नामांची लिंगे त्याला फार छळतात. तो जाईल की नाही हे मी सांगू शकत नाही. दरम्यान आणखी एक गोष्ट ध्यानात आली. त्याच्या कामाला सहा वर्षे पूर्ण झाली की कॅनडाच्या त्याच गुणपत्रकात अनुभवाचे १३ चे १५ होतात आणि बेरीज ६८ वर जाते. जो एक गुण आम्ही विकत घेण्याच्या विचारात होतो, त्याच्या जागी दोन गुण रोजच्या कामानेच मिळणार होते.

समारोप

मित्रहो, आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्यापैकी बहुतेकांजवळ पदवीबरोबर दोन-चार लहान प्रमाणपत्रे असतात आणि आणखी चार घ्यावीत असे कोणी ना कोणी सांगत असते. ती घेऊ नयेत असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांनी हाताला काम मिळते आणि कामाने अनुभव मिळतो. परंतु पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. हा कागद कोण देणार, विद्यापीठ, सरकारी मंडळ की खाजगी क्लास? प्रवेश दहावीवर आहे की बारावीवर? आणि अभ्यासक्रम पूर्ण एका वर्षाचा आहे की काही आठवड्यांचा? या तीन उत्तरांवरून तो कागद पुढे शिक्षणाच्या रकान्यात बसेल की कौशल्याच्या, हे बरेचसे कळते. आणि ज्या देशात जायचे त्याचा नियम त्या देशाच्या सरकारच्या कागदात, तारीख पाहून, स्वतः वाचावा. आपल्याला इंग्रजी इतके तर निश्चित येते. मग त्यासाठी दोन वर्षांचे सोयाबीन का घालवावे?

परवा आबांनी पुन्हा डबी काढली. दादाने त्यातला एक रुपया उचलून पाहिला आणि म्हणाला, "आबा, याला आता काहीच किंमत नाही ना?"

"बाजारात नाही," आबा म्हणाले, "पण तो खरा आहे."

दादाने रुपया डबीत ठेवला आणि आपली फाईल कपाटात पुन्हा नीट बांधून ठेवली.